एंजिनाचा श्वास आणि घास

विद्यार्थी मित्रहो, घाट चढणाऱ्या एखाद्या मालमोटारीच्या किंवा नव्या मोटारीच्या पाठीवर ‘टर्बो’ हा शब्द तुम्ही पुष्कळदा वाचला असेल. टर्बो असलेली गाडी जोरदार असते, तिचा ‘पिकअप’ चांगला असतो, हेही तुम्हांला ठाऊक असेल. पण ती जोरदार का, असे विचारले तर ‘टर्बोमुळे!’ यापलीकडे उत्तर सहसा मिळत नाही. मग त्यापुढचा प्रश्न तर अधिकच अवघड. मुळातच टर्बो असलेल्या मोटारीची शक्ती आणखी वाढवायची झाली, तर काय काय बदलावे लागेल?

‘त्यात काय! टर्बोचा दाब वाढवला की झाले,’ असे छातीठोकपणे सांगणारे भेटतात. हे उत्तर चूक नाही, पण ते अर्धेच आहे. आणि एंजिनाच्या बाबतीत अर्ध्या उत्तराची किंमत मोठी असते. नुसता दाब वाढवलेल्या एंजिनाच्या दट्ट्याला भोक पडायला कधीकधी काही सेकंद पुरतात. असे का व्हावे? उत्तर शोधण्यासाठी फार मोठे गणित लागत नाही. बॉइल व चार्ल्स यांचे वायूंविषयीचे नियम आणि तुमचे जुने त्रैराशिक एवढी शिदोरी पुरेशी आहे. कागद-पेन्सिल घेऊन बसा, म्हणजे लेख वाचता वाचता आकडे पडताळून पाहता येतील.

एंजिन हा हवेचा पंप

पेट्रोलचे एंजिन पेट्रोलवर चालते असे आपण म्हणतो. वस्तुतः वजनाने पाहिले तर ते पेट्रोलपेक्षा हवाच कितीतरी अधिक ‘खाते’. १ किलोग्रॅम पेट्रोल पुरते जळण्यासाठी सुमारे १४.७ किलोग्रॅम हवा लागते. पेट्रोल पंपाने हवे तेवढे आत ढकलता येते. ते द्रव आहे, जागा थोडी व्यापते. अडचण असते ती हवेची. सिलिंडरात हवा किती मावते, यावरच त्यात किती पेट्रोल जळू शकेल हे ठरते, आणि जळणाऱ्या पेट्रोलावर शक्ती ठरते.

आपण हिशेबासाठी एक काल्पनिक मोटार घेऊ. तिचे एंजिन चार सिलिंडरांचे, चार धावांचे (फोर स्ट्रोक) आणि २००० घन सेंटिमीटरचे, म्हणजे गॅरेजच्या भाषेत ‘दोन हजार सीसी’चे आहे. ते मिनिटाला ६००० फेरे घेते. चार धावांच्या एंजिनात दर दोन फेऱ्यांत एकदा सिलिंडर हवेने भरतो. तेव्हा मिनिटाला ३००० वेळा २ लीटर, म्हणजे ६००० लीटर हवा एंजिन ओढते. १ लीटर हवेचे वजन सुमारे १.२ ग्रॅम धरले, तर ही हवा ७.२ किलोग्रॅम भरते. (प्रत्यक्षात सिलिंडर पूर्ण भरत नाही, पण हिशेब सोपा राहावा म्हणून तो पूर्ण भरतो असे मानू.)

आता ७.२ ला १४.७ ने भागा. मिनिटाला जवळजवळ अर्धा किलोग्रॅम पेट्रोल जळेल. १ किलोग्रॅम पेट्रोलातून सुमारे ४४ मेगाज्यूल उष्णता मिळते. तिच्यातील ३० टक्के भाग चाकांकडे जाणाऱ्या कामात उतरला असे धरले, तर शक्ती येते सुमारे १०८ किलोवॉट, म्हणजेच १४५ अश्वशक्ती. बाकीची उष्णता कुठे गेली? काही रेडिएटरमधून, काही घर्षणात आणि फार मोठा वाटा, ढोबळमानाने एक तृतीयांश, सायलेन्सरच्या नळीतून बाहेर!

वाया जाणाऱ्या उष्णतेची कमाई

आल्फ्रेड ब्यूखी या स्विस अभियंत्याला हीच उधळपट्टी खटकली. एंजिनातून बाहेर पडणाऱ्या तप्त वायूच्या झोताने एक पंखा फिरवावा, त्याच दांड्याच्या दुसऱ्या टोकाला आणखी एक पंखा बसवावा आणि त्या दुसऱ्या पंख्याने ताजी हवा दाबून एंजिनात भरावी, ही त्याची कल्पना. तिचे पेटंट त्याने १९०५ मध्ये नोंदवले. पण कल्पना सुचणे वेगळे आणि लालबुंद तापणारा पंखा प्रत्यक्ष टिकवणे वेगळे. ब्यूखीच्या पद्धतीची एंजिने जहाजांवर यशस्वी व्हायला १९२० चे दशक उजाडावे लागले. तेव्हा १७५० अश्वशक्तीची डिझेल एंजिने टर्बोच्या साहाय्याने २५०० अश्वशक्ती देऊ लागली.

त्याआधी, १९१८ मध्ये, अमेरिकेत एक मोठा बोलका प्रयोग झाला. विमान उंच गेले की हवा विरळ होते आणि एंजिन गुदमरते. सॅनफर्ड मॉस या अभियंत्याने ‘लिबर्टी’ नावाचे विमानाचे एंजिन पाइक्स पीक या सुमारे ४३०० मीटर उंचीच्या डोंगरमाथ्यावर नेले. सपाटीवर सुमारे ३५० अश्वशक्ती देणारे ते एंजिन माथ्यावर जेमतेम २३० अश्वशक्ती देऊ लागले. मग त्याला टर्बो जोडला. तेच एंजिन, तोच डोंगर. पण आता शक्ती मिळाली ३५६ अश्वशक्ती! एंजिनात काहीच बदलले नव्हते, बदलला होता तो फक्त त्याचा श्वास.

आजच्या मोटारीतील टर्बो हा याच जोडपंख्याचा वंशज होय. त्याची चाके जेमतेम लिंबाएवढी ते संत्र्याएवढी असतात, पण मिनिटाला एक लाखाहून अधिक फेरे घेतात. पेट्रोल एंजिनात त्यांतले एक चाक ९०० अंश सेल्सिअसच्या आसपास तापलेल्या वायूत फिरते, तर काही सेंटिमीटर पलीकडचे दुसरे चाक बाहेरच्या हवेत. दाब प्रमाणाबाहेर वाढू नये म्हणून ‘वेस्टगेट’ नावाची एक झडप असते. ठरलेला दाब झाला की ती उघडते आणि तप्त वायू पंख्याला वळसा घालून निघून जातो. ‘दाब वाढवा’ असे सांगणारे लोक ही झडप उशिरा उघडेल अशी व्यवस्था करतात. पूर्वी स्प्रिंग बदलून, आता संगणकातील आज्ञा बदलून.

भारतातील आजच्या लहान मोटारी पाहा. १००० सीसीचे साधे एंजिन ६५ ते ७० अश्वशक्ती देते. त्याच मापाची टर्बो एंजिने १०० ते १२० अश्वशक्ती देतात.

दाबाबरोबर ताप

सायकलचा पंप मारताना त्याचे खालचे टोक गरम होते, हे तुम्ही अनुभवले असेल. हवा दाबली की ती तापते. टर्बोतही तेच घडते, आणि इथेच अर्ध्या उत्तराचा पहिला घोटाळा आहे.

आपल्या काल्पनिक मोटारीला कारखान्यातूनच टर्बो बसवून आला आहे असे समजू. बाहेरच्या हवेचा दाब सुमारे १ बार आणि तापमान ३० अंश. टर्बो ही हवा १.५ बारपर्यंत दाबतो. त्याच्या पंख्याची कार्यक्षमता ७० टक्के धरली, तर बाहेर पडणारी हवा सुमारे ८३ अंशांपर्यंत तापलेली असते. तापलेली हवा फुगते, म्हणजे विरळ होते. म्हणून ती एका जाळीदार रेडिएटरमधून नेऊन थंड करतात. याला ‘इंटरकूलर’ म्हणतात. तो हवा ४० अंशांपर्यंत उतरवतो असे मानू.

आता घनता काढा. दाब दीडपट; पण केल्व्हिनमध्ये तापमान ३०३ वरून ३१३ झाले. १.५ ला ३०३ ने गुणून ३१३ ने भागा. उत्तर १.४५. म्हणजे हवा १.४५ पट भरली आणि शक्ती १४५ वरून २१० अश्वशक्तीच्या घरात गेली. ही झाली कारखान्याने दिलेली गाडी.

तिच्या मालकाला आणखी शक्ती हवी आहे. तो दाब २ बारवर नेतो. आता हवा ८३ नव्हे तर सुमारे १२५ अंशांपर्यंत तापते. ती थंड केलीच नाही, तर दाब दुप्पट होऊनही हवा भरेल फक्त १.५२ पट. म्हणजे एवढा खटाटोप करून पूर्वीपेक्षा जेमतेम ५ टक्के फायदा. तीच हवा ५० अंशांपर्यंत थंड केली, तर ती १.८८ पट भरेल आणि शक्ती २७० अश्वशक्तीच्या पुढे जाईल. फरक केवढा, ते पाहिलेत ना?

पण थांबा. कारखान्याचा इंटरकूलर हे काम करू शकेल काय? पूर्वी त्याला मिनिटाला १०.४५ किलोग्रॅम हवा ८३ वरून ४० अंशांवर आणावी लागे. हवेची विशिष्ट उष्णता घेऊन गणित केले, तर हे काम साडेसात किलोवॉटचे होते. आता १३.५ किलोग्रॅम हवा १२५ वरून ५० अंशांवर आणायची, म्हणजे सुमारे १७ किलोवॉट उष्णता काढून टाकायची. दाब वाढवला अर्ध्या बारने. इंटरकूलरचे काम झाले सव्वादोन पट! म्हणूनच जाणते मिस्त्री दाबाला हात लावण्यापूर्वी मोठा इंटरकूलर बसवतात आणि त्यावर समोरचा वारा सरळ येईल अशी जागा पाहतात.

श्वासाची वाट मोकळी हवी

टर्बोच्या आधी एअर फिल्टर असतो. तो मळलेला किंवा लहान असेल, तर टर्बोला हवा चोखून घ्यावी लागते. त्यात ०.१ बार दाब गेला असे समजा. आता टर्बोच्या तोंडाशी १ नव्हे तर ०.९ बार दाब आहे, आणि त्याला तो २ बारवर न्यायचा आहे. म्हणजे दाबाचे गुणोत्तर दोनपट नव्हे, २.२२ पट झाले. परिणामी हवा १२५ ऐवजी १४१ अंशांपर्यंत तापते. इतक्या साध्या कारणाने १६ अंशांचा भुर्दंड!

बाहेर जाणाऱ्या वाटेचेही तसेच. टर्बोचा गरम बाजूचा पंखा फिरतो तो त्याच्या दोन्ही बाजूंच्या दाबांतील फरकामुळे. त्यामागील नळी अरुंद असेल, तर मागचा दाब वाढतो, पंखा मंदावतो आणि जळलेला वायू सिलिंडरातच रेंगाळतो. म्हणून शक्ती वाढवताना ती नळी रुंद करतात. मात्र त्या नळीतच धूर शुद्ध करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर असतो. तो काढून टाकला तर गाडी मोकळा श्वास घेते खरी, पण तिच्या मागे चालणाऱ्यांचा श्वास कोंडतो.

मग टर्बोच मोठा का बसवू नये? बसवता येतो, पण त्याची किंमत वेगळ्या नाण्यात मोजावी लागते. सारख्याच आकाराची दोन चाके घेतली आणि एकाचा व्यास दुसऱ्याच्या १.२ पट असला, तर फिरायला होणारा त्याचा विरोध, म्हणजे जडत्वाघूर्ण, व्यासाच्या पाचव्या घाताने वाढते. १.२ चा पाचवा घात जवळजवळ २.५. पाचवा हिस्सा मोठे चाक, पण ते गतीला आणायला अडीचपट जड! चालक पाय दाबतो आणि गाडी क्षणभर विचार करीत बसते. या विलंबाला मोटारशास्त्रात ‘टर्बो लॅग’ म्हणतात.

हा विलंब ज्यांनी डोळ्यांनी पाहिला असे लोक महाराष्ट्रात पुष्कळ आहेत. भारतीय रेल्वेची डब्ल्यूडीएम-२ ही डिझेल एंजिने १९६२ पासून आपल्याकडे आली. सोळा सिलिंडर, टर्बो आणि २६०० अश्वशक्ती असा त्यांचा थाट होता. फलाटावरून गाडी निघताना या एंजिनातून काळ्याकुट्ट धुराचा लोट उठत असे. चालकाने हँडल पुढे सरकवले की डिझेल लगेच वाढे, पण टर्बो वेगात यायला वेळ लागे. तोवर घास जास्त आणि श्वास कमी. अर्धवट जळलेल्या डिझेलाचा कार्बन, तोच तो काळा धूर. टर्बो वेगात आला की धूर आपोआप निवळे.

याच एंजिनाची पुढची कथा आपल्या विषयाला चपखल लागू पडते. १९९० च्या दशकात रेल्वेने या सोळा सिलिंडरांच्या एंजिनाची शक्ती ३१०० अश्वशक्तीपर्यंत नेली. ती कशी? अधिक कार्यक्षम टर्बो बसवला, हवा थंड करणारा कूलर मोठा केला आणि इंधनाच्या पंपांचे दट्टेही मोठे केले. हवा, थंडावा आणि इंधन या तिन्ही गोष्टी बरोबर वाढवल्या. कोकण रेल्वेच्या विद्युतीकरणाचे काम २०२२ मध्ये पूर्ण होण्यापूर्वी तिथे अशा वाढीव शक्तीच्या डिझेल एंजिनांनी बरीच वर्षे गाड्या ओढल्या.

घासाचा हिशेब

आता इंधनाकडे वळू. आपल्या मोटारीत प्रत्येक सिलिंडरासाठी एक इंजेक्टर आहे. तो म्हणजे विजेने उघडणारी, बारीक तोंडाची एक तोटी. ती जितका वेळ उघडी तितके पेट्रोल आत. मिनिटाला ६००० फेरे घेणाऱ्या एंजिनात दोन फेरे पुरे व्हायला २० मिलिसेकंद लागतात. म्हणजे इंजेक्टर कितीही वेळ उघडा ठेवायचा म्हटले, तरी २० मिलिसेकंदांहून अधिक वेळ त्याच्याजवळ नाही! शिवाय उघडण्या-मिटण्याला थोडा अवधी लागतो. म्हणून ८० ते ८५ टक्क्यांपेक्षा जास्त वेळ तो उघडा ठेवू नये, असा अभियंत्यांचा दंडक आहे.

पूर्ण जोरात चालताना टर्बो एंजिनाला १४.७ स १ असे मिश्रण देत नाहीत. १२ स १ च्या आसपास, म्हणजे थोडे ‘श्रीमंत’ मिश्रण देतात. जास्तीचे पेट्रोल वाफ होताना उष्णता शोषते आणि ज्वलन आटोक्यात ठेवते. त्यानुसार हिशेब करू. कारखान्याच्या स्थितीत १०.४५ किलोग्रॅम हवेला मिनिटाला ०.८७ किलोग्रॅम पेट्रोल लागे. पेट्रोलचे घनत्व ०.७४ धरले, तर प्रत्येक इंजेक्टरच्या वाट्याला २९४ घन सेंटिमीटर येतात. कारखान्याने मिनिटाला ३४० घन सेंटिमीटर सोडणारे इंजेक्टर बसवले होते. ते ८६ टक्के वेळ उघडे राहत. सगळे कसे बेताचे!

दाब २ बार केल्यावर हवा झाली १३.५ किलोग्रॅम. आता प्रत्येक इंजेक्टरकडून ३८० घन सेंटिमीटर हवे आहेत. पण तो क्षणभरही न मिटता उघडा राहिला, तरी देणार ३४० च. परिणामी मिश्रण १२ स १ न राहता साडेतेरास १ च्या जवळ जाते. हा आकडा कागदावर निरुपद्रवी दिसतो. पण जिथे हवा अधिक दाबलेली, अधिक तापलेली आहे, नेमके तिथेच पेट्रोलाचा थंडावा कमी पडला. हीच ती धोक्याची जागा.

उपाय उघड आहे. ३८० ला ०.८ ने भागा. मिनिटाला ४७५ घन सेंटिमीटर किंवा थोडे अधिक सोडणारे इंजेक्टर हवेत. पण एवढ्याने भागत नाही. इंजेक्टर फवारतो तो दाबलेल्या हवेत. हवेचा दाब जितका वाढेल तितका पेट्रोलाचा दाबही वाढवला नाही, तर फवारा मंदावेल. आणि टाकीतील पंपाचा स्वभाव असा की, समोरचा दाब वाढला की त्याचा प्रवाह घटतो. नेमका ज्या क्षणी जास्त इंधन हवे, त्याच क्षणी पंप कमी देतो. म्हणून नवा पंप निवडताना ‘एकूण किती लीटर’ एवढे पाहून चालत नाही. ‘त्या दाबाला किती लीटर’ हे पाहावे लागते.

एंजिनाचा ठोका

मिश्रण तापले, दाबले गेले आणि थंडावा अपुरा पडला की काय होते? नेहमीच्या ज्वलनात ठिणगीपासून निघालेली ज्योत सिलिंडरभर शिस्तीने पसरत जाते. पण कोपऱ्यातले मिश्रण फार तापले असेल, तर ज्योत तिथे पोहोचण्यापूर्वीच ते आपल्या आपण एकदम पेटते. दाबाच्या लाटा सिलिंडराच्या भिंतींवर आदळतात. बाहेर खडखड, टकटक असा आवाज येतो. यालाच ‘नॉकिंग’ किंवा ठोका म्हणतात.

ज्योतीचे तापमान २००० अंशांच्या वर असते, आणि दट्ट्या असतो ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूचा. शुद्ध ॲल्युमिनियम तर ६६० अंशांना वितळते. मग एरवी दट्ट्या वितळत का नाही? कारण त्याच्या पृष्ठभागाला वायूचा एक पातळ, तुलनेने थंड थर चिकटून असतो. तोच त्याचे चिलखत. ठोक्याच्या लाटा हे चिलखत खरवडून काढतात. मग उष्णता थेट धातूत शिरते, कडा झिजतात आणि शेवटी भोक पडते.

यावर एक जुना उपाय १९६२ च्या ओल्डस्मोबिल जेटफायर या अमेरिकन मोटारीत दिसतो. टर्बो असलेल्या पहिल्या प्रवासी मोटारींपैकी ती एक. ठोका टाळण्यासाठी तीत पाणी आणि मेथिल अल्कोहोल यांचे मिश्रण फवारण्याची सोय होती. द्रवाची वाफ होताना हवा थंड होई. उपाय शास्त्रशुद्ध होता. पण त्या द्रवाची बाटली पुन्हा भरण्याची आठवण किती मालकांना राहणार? बाटली रिकामी झाली की टर्बोचा दाब कमी केला जाई आणि गाडी सुस्तावे. आजच्या मोटारीत ठोक्याचा आवाज ‘ऐकणारा’ संवेदक असतो. तो संगणकाला सावध करतो आणि संगणक ठिणगी थोडी उशिरा पाडतो. त्यामुळे एंजिन वाचते, पण शक्ती घटते.

इंधन कोणते, यालाही महत्त्व आहे. आपल्याकडे २०२५ पर्यंत २० टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल देशभर पोहोचले. त्यातील काही इथेनॉल आपल्या साखर कारखान्यांकडून येते. इथेनॉल ठोक्याला चांगला विरोध करते आणि वाफ होताना भरपूर उष्णता शोषते. पण १ किलोग्रॅम इथेनॉलला हवा पुरते फक्त ९ किलोग्रॅम. म्हणून तेवढ्याच हवेसाठी इंधन अधिक लागते आणि इंजेक्टरचा हिशेब पुन्हा नव्याने मांडावा लागतो.

शर्यतीच्या मैदानावरील धडा

टर्बो कुठवर नेता येतो, हे फॉर्म्युला वन शर्यतींनी दाखवले. नियम असा होता की, साधे एंजिन ३ लीटरचे, पण टर्बोचे केवळ दीड लीटरचे असावे. १९७७ मध्ये रेनो कंपनीने टर्बोची मोटार मैदानात आणली. ती इतक्या वेळा धूर सोडत बंद पडे की, प्रतिस्पर्धी तिला ‘पिवळी किटली’ म्हणू लागले. पण १९७९ मध्ये फ्रान्समधील दिजाँ येथे तिने शर्यत जिंकली आणि हसू मावळले. पुढील काही वर्षांत साऱ्यांनीच टर्बोची कास धरली.

शक्ती आवाक्याबाहेर जाऊ लागली, तेव्हा नियम करणाऱ्यांनी काय केले पाहा. त्यांनी श्वास आणि घास दोन्हींना वेसण घातली. १९८४ मध्ये शर्यतीसाठी २२० लीटर इंधनाची मर्यादा आली, १९८६ मध्ये ती १९५ लीटर झाली. १९८७ मध्ये दाबाला ४ बारची मर्यादा आली आणि १९८८ मध्ये २.५ बार व १५० लीटर. त्या अखेरच्या वर्षी होंडाच्या दीड लीटरच्या एंजिनाने एवढ्या बंधनांतही सुमारे ६८५ अश्वशक्ती दिली. त्याच्या इंधनात ८४ टक्के टोल्यूइन होते, कारण टोल्यूइन ठोक्याला दाद देत नाही. हे एंजिन बसवलेल्या मॅक्लारेन मोटारींनी वर्षातील १६ पैकी १५ शर्यती जिंकल्या. आडदांडपणे दाब वाढवण्यापेक्षा हवेच्या प्रत्येक ग्रॅमाचा आणि इंधनाच्या प्रत्येक थेंबाचा हिशेब ठेवणारा जिंकतो, हाच तो धडा. १९८९ पासून टर्बोवर बंदी आली. २०१४ मध्ये तो नव्या रूपात परतला.

साखळीचे बाकीचे दुवे

आपल्या मोटारीची शक्ती कागदावर २१० वरून २७० झाली. पण ती चाकांपर्यंत नेणारा क्लच आणि गिअर जुन्याच मापाचे आहेत. ब्रेकही जुनेच. ताशी ८० ऐवजी १०० किलोमीटर वेगाने जाणाऱ्या गाडीची गतिज ऊर्जा सव्वापट नव्हे, तर १.५६ पट असते. थांबताना ती सारी ब्रेकनाच गिळावी लागते. म्हणूनच अशा वाढीव शक्तीची जागा शर्यतीच्या बंदिस्त मैदानात आहे. रस्त्यावरील गाडीविषयी १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचे ५२ वे कलम स्पष्ट आहे. नोंदणीपत्रातील उत्पादकाने दिलेल्या तपशिलाशी विसंगत ठरेल असा बदल मालकाला करता येत नाही.

तेव्हा मित्रहो, ‘दाब वाढवला की झाले’ असे कुणी म्हणाले, तर त्याला चार प्रश्न विचारा. वाढलेली हवा थंड कोण करणार? त्या हवेला पुरेल एवढे पेट्रोल कोणत्या तोटीतून आणि कोणत्या पंपाने येणार? ठोका बसू लागला तर कळणार कसे? आणि गाडी थांबणार कशी? चारही उत्तरे आकड्यांत मिळाली, तर समजा की तो जाणकार आहे.

करून पाहा

सायकलच्या पंपाचे तोंड बोटाने घट्ट धरा आणि वीस वेळा झपाझप दांडा मारा. पंपाचे खालचे टोक हाताला कसे लागते? पंप थंड झाल्यावर वीस वेळा अगदी सावकाश मारा. दोन्ही वेळच्या तापमानात फरक का पडला, याची वर्गात चर्चा करा.

विचार करा

१. लेखातील मोटारीचा इंटरकूलर बदलला नाही आणि २ बार दाबाची हवा ७० अंशांपर्यंतच थंड झाली, तर हवा किती पट भरेल?

२. इंजेक्टरमधील प्रवाह दाबाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढतो. ३४० घन सेंटिमीटरच्या इंजेक्टरवरील दाब ३ बारवरून ४ बार केला, तर तो मिनिटाला किती पेट्रोल सोडेल? तेवढ्याने मालकाचे काम भागेल काय?

उत्तरे : १. सुमारे १.७७ पट. २. सुमारे ३९३ घन सेंटिमीटर. गरज ३८० ची आहे, म्हणजे इंजेक्टर जवळजवळ ९७ टक्के वेळ उघडा राहील. कागदावर भागले, पण हाताशी शिल्लक काहीच उरली नाही.